उशीर कुणाच्या खाती?

मुरुमहून रात्री सुटलेली ट्रॅव्हल्स पहाटे यवत ओलांडते, तोवर तिच्या वेळेचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो. उमरगा तालुक्यातले हे गाव ते पुणे, अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. नळदुर्ग कधी येईल, सोलापूर कधी, चहाला गाडी कुठे आणि किती वेळ थांबेल, हे नेहमीचा प्रवासी झोपेतही सांगेल. उरुळी कांचन गेले, लोणी काळभोर आले की लोक उठून चपला शोधू लागतात, पिशव्या जवळ ओढतात. आणि मांजरी फाट्याच्या आसपास गाडी थांबते. शेकडो किलोमीटर वेळेत पार पडलेले असतात. शेवटचे दहा किलोमीटर कधी सरतील हे ड्रायव्हरला माहीत नसते, मालकाला नसते, हातातल्या मोबाइललाही नीटसे नसते. गावाकडून फोन येतो, "पोचलास का बाळा?" "हडपसरात अडकलोय, आई. कधी पोचेन काय सांगू?"

पुण्याच्या कोंडीचे आकडे जगभर छापून येतात. टॉमटॉम या डच कंपनीच्या 2024 सालच्या पाहणीत पुणे जगात चौथे होते. शहरात दहा किलोमीटर जायला सरासरी 33 मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागत होता. कोलकाता आणि बंगळुरू त्याच्या पुढे होते. हा आकडा वाचून पुणेकर हळहळतो, पण रोज कामावर जाणाऱ्याच्या तो फारसा उपयोगाचा नाही. सरासरीवर कुणी घरातून निघत नाही.

समजा, एखाद्याला मांजरीहून स्वारगेटला रोज जायचे आहे. बहुतेक दिवशी चाळीस मिनिटे लागतात, पण वीसातून एखाद्या दिवशी नव्वद. कोणता दिवस तो, हे आधी कळत नाही. कामावर वेळेत पोचायचेच असेल तर त्याने रोज नव्वद मिनिटे आधी निघाले पाहिजे. म्हणजे एका वाईट दिवसासाठी उरलेले एकोणीस दिवस पन्नास-पन्नास मिनिटे हातातून सोडायची. वर्षाचे अडीचशे कामाचे दिवस धरले तर जवळपास दोनशे तास होतात, आठ अहोरात्री. त्यातली बरीच मिनिटे तो रस्त्यावरही घालवत नाही. लवकर पोचून बंद शटरसमोर उभा राहतो, टपरीवर वेळ काढतो. वाहतुकीचा अभ्यास करणारे म्हणूनच सरासरी वेळेच्या शेजारी हा दुसरा आकडाही मांडतात: वीसपैकी एकोणीस दिवस वेळेत पोचायचे तर किती वेळ हाताशी ठेवावा लागेल? रस्त्याचा वेग एका आकड्यात दिसतो, रस्त्याचा भरवसा दुसऱ्यात. माणसाचे आयुष्य दुसऱ्यावर बेतलेले असते.

आता प्रश्न असा, की हे आठ दिवस कुणाच्या खाती मांडायचे?

बसमध्ये या प्रश्नाला एक उत्तर तयार असते. नशीब. आज नशिबातच नव्हते वेळेत पोचणे. कुणी उजवीकडून घुसलेल्या रिक्षावाल्याला शिव्या घालतो, कुणी सरकारला, आणि थोड्या वेळाने सगळे थकून पुन्हा नशिबाशी येऊन थांबतात. हे उत्तर देणाऱ्याला भोळा म्हणायचे कारण नाही. ज्या मुलखातून तो आला तिथे दैव काय करू शकते ते लोकांनी पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चार वाजायला चार मिनिटे. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून झोपलेली किल्लारी, सास्तूर आणि उमरगा-औसा भागातली गावेच्या गावे काही क्षणांत मातीला मिळाली. हजारो माणसे गेली. जमीन हलणे कुणाच्या हातात नव्हते. पण त्या दुःखातून सावरताना त्याच लोकांनी दुसरी गोष्टही पाहिली: माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या जड धाब्यांखाली चिरडली होती. नवी घरे बांधताना भूकंप सोसणारे बांधकाम करण्यात आले. धरणीकंप दैवाच्या खाती गेला, भिंत माणसाच्या खाती आली. एवढ्या मोठ्या संकटातही ज्यांनी ही वाटणी करून पाहिली, त्यांच्या मुलांना हडपसरच्या कोंडीत ती करता येऊ नये, हे खटकते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात या वाटणीसाठी एक जुनी चौकट आहे. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात असे तिथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवे दैव. शंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ घेतला. कर्म जिथे घडते ती जागा, इतका व्यापक अर्थ घेऊन ही चौकट रस्त्यावर आणली तर काही बिघडत नाही. लक्षात घेण्याजोगी आहे ती क्रमवारी. दैव आहे, ते नाकारलेले नाही, पण ते पाचवे आहे. आधीच्या चारांची विचारपूस न करता थेट पाचव्याकडे जाणे हे गीतेला धरून नाही. आणि लगेच पुढे असेही सांगितले आहे की जो फक्त स्वतःला, एकट्याला कर्ता समजतो त्यालाही नीट दिसत नाही. म्हणजे "माझाच दोष, मी दहा मिनिटे आधी निघायला हवे होते" असे रोज मनाला लावून घेणाराही चुकतो, आणि "सगळे दैव" म्हणणाराही.

मग त्या चारांकडे पाहू.

हालचालींपासून सुरुवात करावी, कारण तिथे एक विलक्षण प्रयोग झालेला आहे. जपानमध्ये नागोया विद्यापीठाच्या युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 230 मीटर घेराच्या गोल रस्त्यावर 22 मोटारी उभ्या केल्या आणि चालकांना सांगितले, ताशी साधारण तीस किलोमीटरने, पुढच्या गाडीशी अंतर राखून चालवा. सिग्नल नाही, खड्डा नाही, वळणावर टपरी नाही, रस्ता कुठे अरुंद होत नाही. थोडा वेळ सगळे सुरळीत चालले. मग कुणीतरी किंचित ब्रेक दाबला, मागच्याने थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि पाहता पाहता काही गाड्या पूर्ण थांबल्या. ही थांबलेल्या गाड्यांची गाठ ताशी सुमारे वीस किलोमीटरने उलट्या दिशेने सरकत राहिली. 2008 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अपघात नसताना, अडथळा नसताना कोंडी झाली होती, आणि ती कुणा एकाने केली नव्हती. प्रत्येकाने केलेले इतके थोडे होते की त्यातल्या कुणालाही आपण काही केले असे वाटण्याचे कारण नव्हते.

नीतीचा विचार करणाऱ्याला हा प्रयोग अस्वस्थ करतो. आपली पापपुण्याची कल्पना एका माणसाच्या एका कृतीभोवती बांधलेली आहे. कुणी चोरी केली, कुणाची झाली, सांगता येते. हडपसरला सकाळी नऊ वाजता जो उशीर होतो त्यात हजारो लोकांनी एकमेकांची थोडी थोडी मिनिटे घेतलेली असतात. घेणाराही गमावतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी हे गणित मांडून दाखवले: गर्दीत शिरणारी प्रत्येक गाडी स्वतःचा उशीर सोसते, पण मागच्या सगळ्यांना जो उशीर करते तो तिच्या हिशेबात येतच नाही. विकरी यांना 1996 मध्ये नोबेल मिळाले. कर्माचे फळ ज्याचे त्याला मिळते हा आपल्याकडचा पक्का समज. इथे फळ मागच्या गाडीला मिळते.

कर्ता आणि साधने यांच्याबद्दल लोक इतके बोलतात की थोडक्यात आवरले तरी चालेल. लेन मोडणारे आहेत, चौकात अर्ध्या रस्त्यावर थांबणाऱ्या रिक्षा आहेत, बिघडलेले सिग्नल आहेत, दिवसा शहरात शिरणारे अवजड ट्रक आहेत. हे सगळे खरे, आणि पोलिसांनी ते पाहावे. पण पुण्यात जे घडते त्यात अधिष्ठानाचा, म्हणजे रस्ता कसा आखला आणि कुणाला दिला याचा, वाटा मोठा आहे.

याच सोलापूर रस्त्यावर देशातला पहिला बीआरटी प्रयोग झाला. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका सुरू झाली. कल्पना साधी होती. बस मधल्या मोकळ्या मार्गिकेतून जाईल, तिला गर्दीची वाट पाहावी लागणार नाही, तिच्या वेळेचा भरवसा राहील, आणि भरवसा आहे म्हणून लोक दुचाकी घरी ठेवतील. ती मार्गिका अखंड कधीच राहिली नाही. चौकात ती तुटत होती, तिच्यात खासगी वाहने शिरत होती, उड्डाणपुलांच्या कामात ती ठिकठिकाणी नाहीशी झाली. अर्धवट मार्गिकेत बसही अडकली आणि बाहेरच्यांना रस्ता अरुंद झाल्याचा राग तेवढा उरला. दोन्हीकडून नुकसान. लोकांनी निष्कर्ष काढला की बीआरटी आपल्याकडे चालत नाही. अहमदाबादने 2009 मध्ये हीच पद्धत सुरू करून ती चालवून दाखवली, तेव्हा चूक कल्पनेची होती असे म्हणणे अवघड आहे.

चांदणी चौकाची हकीकत तर याहून बोलकी आहे. मुंबई-बंगळुरू महामार्गावरचा तो चौक वर्षानुवर्षे तुंबत होता. नव्या पुलाचे भूमिपूजन 2017 मध्ये झाले, काम रेंगाळले. ऑगस्ट 2022 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे साताऱ्याकडे जाताना तिथल्या कोंडीत अडकले. रोज अडकणाऱ्यांनी त्यांना गाठून गाऱ्हाणे घातले. त्यानंतर चक्रे फिरली. 2 ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर जुना पूल स्फोटकांनी पाडण्यात आला आणि 12 ऑगस्ट 2023 रोजी नव्या उड्डाणपुलाचे उद्घाटन झाले. पाच वर्षांत जे हलले नाही ते एका वर्षात उभे राहिले. ज्याला लोक दैव म्हणत होते ते इतक्या लवकर बदलले, याचा अर्थ ते दैव नव्हते. मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातले हे चांगलेच केले. पण एका माणसाचा तास आणि लाखो माणसांची पाच वर्षे यांत पहिला तास जड भरला, हे कुठल्याही धर्माच्या तराजूत बसत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मनापासून घेतला जातो. धीर धरायला शिकवणे हे धर्माचे कामच नाही का? कोंडीत अडकलात, नामस्मरण करा, ग्रंथ वाचा, रागाला आवरा. अडथळ्यालाच साधना माना. पुण्याच्या बसमध्ये हातात हरिपाठाची छोटी पुस्तिका घेऊन बसलेली माणसे दिसतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरची शांती खरी असते. तिला हसण्याचा अधिकार कुणाला नाही. संत एकनाथांची गोष्ट महाराष्ट्रात पोराबाळांना ठाऊक आहे: गोदावरीचे स्नान करून परतताना एकजण त्यांच्या अंगावर थुंकत राहिला आणि नाथ प्रत्येक वेळी पुन्हा नदीवर गेले, 108 वेळा, न रागावता. शेवटी तोच माणूस पायावर आला. या गोष्टीत नाथांची शांती नाथांची आहे. ती त्यांनी स्वतः कमावली आणि स्वतः वापरली. पैठणच्या गावकऱ्यांनी "नाथ सोसतात, तेव्हा थुंकणे चालू राहू दे" असे म्हटले असते तर गोष्टीचा सगळा अर्थच पालटला असता. ज्याच्या हातात रस्ता आहे त्याने प्रवाशाला धीराचा उपदेश करणे हे असेच आहे. सहनशीलता स्वतःकडून मागायची असते.

आणि प्रश्न फक्त मनःशांतीचा नाही, शब्द पाळण्याचाही आहे. भारतीय परंपरेत सत्याला जे स्थान आहे त्यात दिलेला शब्द खरा करणे हा मोठा भाग. सकाळी नऊला येतो असे सांगणारी घरकाम करणारी बाई, आठला ड्युटी बदलायला येणारा सुरक्षारक्षक, दहाला दुकान उघडणारा नोकर, हे रोज कुणाला ना कुणाला शब्द देऊन घरातून निघतात. रस्ता बेभरवशाचा असला की प्रामाणिक माणूसही रोज थोडा खोटा पडतो. रात्रपाळीची नर्स सकाळी सुटू शकत नाही, कारण तिच्या जागी येणारी अडकली आहे; तिचे मूल शाळेच्या रिक्षेसाठी दारात उभे आहे. एकाच्या उशिराने दुसऱ्याचा शब्द मोडतो, दुसऱ्याच्या तिसऱ्याचा.

हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याला घरून काम करण्याची मुभा आहे, ज्याची मीटिंग त्याच्याशिवाय सुरू होत नाही, त्याचा उशीर माफ होतो. अनेक ठिकाणी तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार किंवा एक रजा जाते. मजूर अड्ड्यावर उशिरा पोचलेल्याचा तर सगळा दिवसच जातो, कारण मुकादम माणसे घेऊन निघून गेलेला असतो. मराठवाड्यातून पुण्यात आलेल्यांपैकी पुष्कळजण बांधकामावर, सुरक्षेच्या कामात, डिलिव्हरीत आहेत. पुष्कळजण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला खोल्या घेऊन राहिले आहेत. परीक्षेला फाटक असते. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत दुपारी दोनच्या पेपरला दीड वाजता ते लागते आणि मग कुणासाठीही उघडत नाही. म्हणून परगावचे केंद्र आले की पोरगा आदल्या दिवशीच शहरात येतो, कुणाच्या तरी खोलीवर पथारी टाकतो किंवा लॉजचे पैसे भरतो. रस्त्याच्या बेभरवशाची ही किंमत कुठल्याही प्रकल्प अहवालात धरली जात नाही. ती त्याच्या बापाने सोयाबीन विकून भरलेली असते.

वेळेचा भरवसा म्हणजे वेग, अशी समजूत असेल तर ती याच रस्त्यावर दर आषाढी वारीत खोटी ठरते. ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून एकाच सकाळी निघतात, हडपसरपर्यंत एकाच वाटेने येतात आणि तिथून वेगळ्या होतात. माउली दिवे घाटाने सासवडला, तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. लाखो माणसे पायी चालत असतात. त्यांचा वेग माणसाच्या पावलाचा. तरी कोणत्या तिथीला कोणता मुक्काम, विसावा कुठे, रिंगण कुठे, हे आधी छापून येते आणि बहुतांशी तसे घडते. दशमीला पालख्या पंढरीजवळ असतात. हे कसे जमते? दिंडीला क्रमांक असतो. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या मागे, आणि आपली जागा सोडून कुणी पुढे घुसत नाही. संध्याकाळी मुक्कामावर समाज आरतीच्या वेळी सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंग चालू असतात. चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले तर समजायचे, तिची तक्रार आहे. चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणे ऐकून घेतो, आणि ते मिटल्यावर पुढचे चालते. रोज संध्याकाळी, त्याच दिवसाची तक्रार त्याच दिवशी.

पालखीच्या दिवशी सोलापूर रस्ता वाहनांना बंद असतो. पोलीस आधी जाहीर करतात, पर्यायी मार्ग सांगतात, लोक कामे पुढेमागे करतात. गैरसोय मोठी होते, पण कुणाचा शब्द मोडत नाही, कारण ती आधी ठाऊक असते. कोंडी आणि वारी यांतला हा फरक मोलाचा आहे. अशीच आणखी एक गोष्ट याच रस्त्यावर घडते. सोलापुरात मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांनी अवयवदान केले की यकृत किंवा मूत्रपिंड पुण्याला आणण्यासाठी ग्रीन कॉरिडॉर केला जातो. एका रुग्णवाहिकेसाठी चौकाचौकात पोलीस उभे राहतात, बाकीचे थांबतात, आणि अवयव वेळेत पोचतो. त्या थांबणाऱ्यांपैकी कुणी तक्रार करत नाही. भरवशाची वाट करून देता येते, एवढे तरी यावरून सिद्ध आहे. ती कुणासाठी आणि किती वेळा करायची, हा ठरवण्याचा भाग आहे.

ठरवायचे कशाच्या आधारावर? मुरुमकडच्या माणसाला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. पुण्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग 65 सोलापूर, नळदुर्ग, उमरगा करत सीमा ओलांडतो आणि हैदराबादकडे जाताना बसवकल्याणला बाजूला ठेवून पुढे सरकतो. बाराव्या शतकात हे कल्याण होते. तिथे बसवण्णा आणि शरण म्हणवणाऱ्या त्यांच्या सोबत्यांनी कायक आणि दासोह या दोन गोष्टींवर एक धर्म उभा केला. प्रामाणिक कष्ट हीच पूजा, आणि त्यातून जे येईल ते सर्वांसाठी. मुरुम-उमरगा भागात ही परंपरा आजही घराघरांत जिवंत आहे.

त्या शरणांपैकी आयदक्की मारय्या आणि त्यांची पत्नी लक्कम्मा यांची कथा सांगितली जाते. मारय्याचे कायक म्हणजे सांडलेले तांदूळ वेचून आणणे, त्यातून दासोह चालायचा. एके दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. लक्कम्माने ते पाहिले आणि त्याला खडसावले: आजच्या गरजेहून जास्त कशाला उचललेस? हाव राजांना शोभते, भक्ताला नाही. उरलेले जिथून आणलेस तिथे टाकून ये. तांदूळ चोरीचे नव्हते. रस्त्यावर पडलेले, कुणाचेच नसलेले होते. तरीही त्यात दुसऱ्याचा घास आहे, हे तिला दिसले.

रस्त्यावरची जागा अशीच आहे, कुणाचीच नसलेली. बारा मीटर लांबीच्या एका बसमध्ये पन्नास-साठ माणसे जातात. तेवढ्याच लांबीत चार-चार मीटरच्या तीन मोटारी मावतात आणि त्यांत पुष्कळदा एकेकच माणूस बसलेला असतो. मोटार त्याने कष्टाने घेतली आहे, करही भरला आहे. पण सकाळी नऊ वाजता सोलापूर रस्त्यावर तो जी जागा व्यापतो ती लक्कम्माच्या नजरेतून पाहावी लागेल. त्याला एकट्याला दोष देऊनही भागणार नाही. बसचा भरवसा नसेल तर बापडा काय करील? मारय्याला त्या दिवशी उरलेले तांदूळ टाकून येता आले, कारण उद्या पुन्हा वेचायला मिळतील याची त्याला खात्री होती.

शरणांमध्ये बांधकाम करणारेही होते. सोलापूरचे सिद्धराम, ज्यांच्या नावाने आजही संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि गड्ड्याची यात्रा भरते, त्यांनी तलाव खोदला, देवळे उभारली, लोकोपयोगी कामे हाच धर्म मानला. परंपरा सांगते की शरणांमधले अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी सिद्धरामांच्या या बांधकामावरच बोट ठेवले: दगड रचणे झाले, पण त्यामागचा 'मी'? पुढे सिद्धराम कल्याणला गेले. अल्लमांचा आक्षेप तलावाला नव्हता, खोदण्यातच सारे आले असे मानण्याला होता. आज जिथे कोंडी तिथे उड्डाणपूल, हा जो धोशा चालू आहे त्याला हाच प्रश्न विचारावा लागतो. अमेरिकेत अँथनी डाऊन्स यांनी 1962 मध्येच दाखवून दिले होते की शहरातला द्रुतगती मार्ग रुंद केला की गर्दीच्या वेळी तो पुन्हा तितकाच भरतो. दुसऱ्या वाटेने जाणारे, दुसऱ्या वेळी जाणारे, बसने जाणारे तिकडे वळतात. बांधणे वाईट नाही. बांधलेली जागा पुढे कुणाला द्यायची हे न ठरवता बांधत राहणे वाईट.

स्टॉकहोमने हे ठरवले. 2006 च्या जानेवारीत तिथे शहरात शिरणाऱ्या मोटारींवर गर्दीच्या वेळचा आकार बसवला, सात महिन्यांच्या प्रयोगापुरता. शहरात शिरणारी वाहतूक साधारण वीस टक्क्यांनी घटली आणि रांगांमधला खोळंबा त्याहून जास्त. आधी विरोध करणाऱ्यांतले बरेच लोक अनुभवानंतर बदलले, सप्टेंबरमध्ये शहराच्या मतदारांनी कौल दिला आणि 2007 पासून तो आकार कायम झाला. यात एक तपशील महत्त्वाचा आहे, जो आपल्याकडे असा काही विचार निघाला की गळून जातो. आकार बसवण्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट 2005 मध्येच, त्यांनी जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या. आधी बस, मग पैसे. उलटा क्रम केला तर तो श्रीमंतासाठी रस्ता मोकळा करून देण्याचा धंदा होतो आणि त्याला धर्माचा आधार मिळत नाही.

सध्या हडपसर ते यवत उन्नत मार्गाची योजना चर्चेत आहे, हडपसरकडे मेट्रो नेण्याचे बेत आहेत. मुरुमच्या ट्रॅव्हल्सचा तोच रस्ता, तेच शेवटचे किलोमीटर. अशा योजनेच्या जाहीर सुनावणीत सरासरी किती मिनिटे वाचतील याचा तक्ता दाखवला जातो. तिथे उभे राहून विचारायला हवे, की गर्दीच्या वेळी वीसपैकी एकोणीस दिवस वेळेत पोचण्यासाठी आज किती वेळ राखून ठेवावा लागतो, पूल झाल्यावर किती, आणि हा आकडा दर महिन्याला कोण जाहीर करणार? वर किंवा खाली, एक मार्गिका अखंड बससाठी राहणार का? राहणार असेल तर चौकात ती तोडण्याचा अधिकार कुणाला नसेल, हे लेखी मिळेल का? मांजरी फाट्यावर रोज सकाळी ज्यांचे टाळ वाजत राहतात, त्यांच्याकडे संध्याकाळच्या आत चालत जाणारा चोपदार महापालिकेचा असेल, पोलिसांचा की महामार्ग प्राधिकरणाचा?